छबुबाईची पिशवी

स्टीलच्या ताटलीत काहीतरी ओलं, जड पडल्याचा आवाज गहिनीनाथनं भर तारुण्यात ऐकला होता. त्याच्या बायकोची, छबुबाईची, गर्भाची पिशवी काढली, त्या दिवशी. काढलेलं घरच्या माणसाला दाखवायचं, ही त्या दवाखान्याची रीत. डॉक्टरनं चिमट्यानं तो लालसर गोळा उलटापालटा केला आणि सांगितलं, पार सडली होती. गहिनीनाथनं मान हलवली आणि बाहेर येऊन भडाभडा ओकला. ऊसतोडीत पाळीचे खाडे पडायला नकोत, म्हणून टोळीतल्या बऱ्याच बायांच्या पिशव्या अशाच गेल्या. दवाखान्याचा पत्ता मुकादमच देई.

पिशवी गेली, पण छबुबाईच्या कळा गेल्या नाहीत. महिन्याच्या महिन्याला ती दात आवळून कुडाला टेकून बसे. म्हातारपणी कळा थांबल्या, तर बेंबीखाली ओढ लागली. आतून कुणीतरी दोरी ओढतंय, म्हणे. तिला झोप नव्हती. आष्टीच्या डॉक्टरीणबाईंनी जुने कागद आणल्याशिवाय काही सांगता येणार नाही म्हटलं. कागद तर कधीच खोपीत कुजले होते. कॉलेजात जाणारी नात सायली म्हणाली, पिशवी काढलेल्या दवाखान्यानं जुनं सगळं मोबाइलवर टाकलंय, आपलं आपल्याला बघता येतं.

दुपारी लिंबाखाली बसून तिनं आजीचं नाव घातलं. गहिनीनाथच्या फोनवर ओटीपी आला, तो भरला. पलीकडं छबुबाई शेंगा फोडत होती.

सायली वाचता वाचता थांबली. "आबा... पिशवी निरोगी हुती, असं लिवलंय."

गहिनीनाथला ती ताटली आठवली. धडधाकट मांस त्या डॉक्टरनं चिमट्यानं हलवून दाखवलं होतं, बाजारात वांगं दाखवावं तसं. तो बाजूला थुंकला.

नोंदी तिथंच संपायला हव्या होत्या. संपल्या नव्हत्या. महिन्याच्या महिन्याला एक, कुणाची सही नसलेली. सायली हळू आवाजात मराठीत सांगू लागली. पिशवी ठेवलेल्या बरणीत रक्तस्राव, पाणी बदललं. पुन्हा रक्तस्राव, पुन्हा पाणी. तिचं बोट सरकत राहिलं, नोंदी सरेनात. कुठून तरी औषधाचा उग्र वास येऊ लागला, त्याच्याखाली शिळ्या रक्ताचा. पुढं रक्त थांबलं होतं. बरणी लहान पडते, मोठी घेतली. ठोके ऐकू येतात.

"बंद कर, बाळ."

"ही आत्ताच आलीय, आबा..." तिनं वाचलं. "भूक लागली. आईला कळवावं."

शेंगा फोडायचा आवाज थांबला होता. हिला हे कळता कामा नये, एवढंच गहिनीनाथच्या मनात आलं.

"काय न्हाई गं छबू," तो हळूच म्हणाला, "कागद घावले तुझे..."

छबुबाई उठली. तिची चोळी पुढून भिजून चिकटली होती आणि कच्च्या दुधाचा वास लिंबाखाली पसरला. इतकी वर्षं कळांनी आवळलेलं तिचं तोंड सैल पडलं होतं, निवांत झालं होतं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि कुणाकडं न बघता दवाखान्याकडं जाणाऱ्या सडकेच्या दिशेनं चालू लागली.