तीन धुरांड्यांची बोट

दूध घालून झालं, लाईट गेली, तरी तुम्ही पोरं डेअरीच्या कट्ट्यावरून हलत नाही. बरं. बसा. पण मधे कुणी हसायचं नाही. मी करमणुकीला गोष्टी सांगत नसतो.

ही बाळासोची हकिकत. काजूच्या कारखान्याचा टेम्पो चालवायचा तो. पुढं पोराकडं वारणानगरला गेला आणि तिथंच वारला. त्याचं माझं बांधावरून भांडण होतं, कित्येक महिने आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. तरी सांगतो, बाळासो खोटं बोलणारा नव्हता. खोटं रचायला डोकं लागतं, ते त्याला नव्हतं.

एकोणीसशे नव्व्याण्णव साल. कारगिलची लढाई त्याच पावसाळ्यात संपलेली. सर्वपित्री अमावास्येचा दिवस, शनिवार.

बाळासोची मावशी चिमणाबाई मरणाला टेकली होती. त्याला लहानाचा मोठा तिनंच केला, तिला स्वतःचं मूल नव्हतं. तिचा नवरा केरबा बेचाळीस साली लढाईत समुद्रावर गेला तो आलाच नाही. सरकारनं बेपत्ता म्हणून कळवलं. सासरच्या माणसांनी तिला कुंकू पुसायला सांगितलं. ती म्हणाली, मढं दाखवा, मग पुसते. मढं कोण दाखवणार? तिनं उभा जन्म कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून काढला. लोक मागं हसायचे. तोंडावर कुणाची छाती नव्हती.

आता अडचण अशी होती की गेल्यावर तिला पाठवायचं कसं. सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून, की विधवा म्हणून? भावकीतल्या बायका उंबऱ्याबाहेर हेच कुजबुजत होत्या. तिच्या कानावर ते गेलं. तिनं बाळासोला जवळ बोलावलं.

"खोट्या हिरव्यात मला जाळू नगा," ती म्हणाली. "आन् धनी कुठं जिता असंल तर उघड्या कपाळानं बी नगा नेऊ. त्या हंबीऱ्याला आन. शेवटचं इचारते."

हंबीरराव आणि केरबा एकाच दिवशी पलटणीत भरती झाले होते. एकाच बोटीवर चढले. परत आला तो हंबीरराव एकटा.

त्याची कथा सगळ्या गावाला पाठ होती. चैताचा महिना. कलकत्त्याहून मद्रासकडं निघालेली मालाची आगबोट, तीत थोडे आपले शिपाई. दिवस मावळायच्या बेताला जपान्यांची लढाऊ बोट आडवी आली, तिनं तोफा डागून आगबोट बुडवली. क्रूझर म्हणतात तिला. हलकी, पण पळायला भारी. हंबीरराव काठीनं मातीत तिचं चित्र काढायचा. तीन धुरांडी, पुढं तोफा, मागं तोफा, मधे डोलकाठी, तिच्यावर झोताचा दिवा. ही बोट आधी मलायात उतरणाऱ्या जपानी फौजेच्या राखणीला होती. तिथून जावाकडं गेली. मग अंदमानाच्या बाजूनं आपल्या समुद्रात शिरली, व्यापाऱ्यांच्या बोटी बुडवल्या. त्याच साली दिवाळीच्या आधी लांबच्या कुठल्या समुद्रात विमानांनी तिलाही बुडवलं. इतकं सगळं तो सांगायचा. वाचल्यावर लष्करी दवाखान्यात होतो, तिथं एका गोऱ्या साहेबाकडून कळलं म्हणायचा.

आणि केरबा? असं कुणी विचारलं की काठी थांबायची. रात्र पडली, चुकामूक झाली, मी बघितलं नाही. एवढंच.

मला हे पहिल्यापासून खटकायचं. ज्या बोटीनं तोफा डागल्या तिचा जन्म-मरणाचा हिशेब तोंडपाठ, आणि आपल्या गावच्या माणसाचं काय झालं ते ठाऊक नाही? एकदा जत्रेत जरा घेतली होती तेव्हा तो बोलून गेला होता, आम्ही दोघं एका फळीला धरून होतो. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, मी असं बोललोच नाही.

तर दिवेलागणीला बाळासो एम-एटी गाडी काढून हंबीररावाच्या मळ्यावर गेला. मळा गावापासून लांब, हिरण्यकेशी नदीच्या पलीकडं. म्हातारा सोप्यात बसला होता. सून शालूबाईनं म्हाळाचा सैपाक केलेला. तिनं बाळासोला खीर-वडे खायला बसवलं. हात धुवायला तो परसदारी गेला, तेव्हा त्याला ते दिसलं.

घरातल्या पितरांचं पान कौलावर ठेवलेलं होतं, ते कावळ्यांनी कधीच फस्त केलं होतं. हे दुसरं होतं. जमिनीवर, नदीकडं तोंड करून वाढलेलं. सकाळपासूनचं. त्याला कावळा शिवला नव्हता, मुंगी लागली नव्हती.

शालूबाई बारक्या आवाजात म्हणाली, ते मामंजींचं. दरसाल स्वतः वाढतात. कुणाचं ते सांगत नाहीत, कुणाला हात लावू देत नाहीत.

बाळासोनं वाकून बघितलं. खीर नव्हती, वडा नव्हता. नुसता घनसाळ तांदळाचा भात. आणि त्यावर काकवी ओतलेली.

भातावर काकवी. पोरांनो, तुम्ही खाता का कुणी? कुणीच खात नाही. ह्या गावात ते एकाच माणसाचं खूळ होतं. चिमणाबाई बाळासोला लहानपणापासून सांगत आली होती, आमचं हे भातावर काकवी घेऊन कालवायचे, आन् पंगतीतली माणसं हसायची.

बाळासो आत आला. त्याला घास गेला नाही.

"आबा," तो म्हणाला, "म्हाळाचं पान मेलेल्या माणसाला वाढत्यात न्हवं?"

"व्हय."

"मग तुमी तर म्हनता बघितलं न्हाय."

हंबीररावानं मान वर केली नाही. मग खुंटीवरचा कोट काढला, अंगात घातला आणि म्हणाला, चल.

वाटेला लागले तेव्हा पुरता काळोख झाला होता. अमावास्याच ती. दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीचा ऊस, मधे गाडीवाट, गाडीचा पिवळा उजेड पुढं हातभर. बाळासोच्या पोटात राग होता. ह्या म्हाताऱ्यानं माझ्या मावशीला उभा जन्म टांगून ठेवली, हाच विचार. मागं म्हातारा बसला होता. त्याचा श्वास मानेवर लागत होता.

पुलावर आले आणि गाडी बंद पडली.

बाळासोनं किक मारली. पुन्हा मारली. नाही. तो खाली उतरला, प्लग बघावा म्हणून वाकला. तेवढ्यात उसावर उजेड आला.

त्याला वाटलं ट्रॅक्टर. पण साखर कारखान्याचा हंगाम सुरू झालेला नव्हता. मग वाटलं, रानडुकरांच्या मागावरचे शिकारी. पण बॅटरीचा उजेड असा नसतो. पांढराफटक झोत. नदीच्या अंगानं आलेला. जमिनीपासून वर, कुठून तरी उंचावरून. उसाच्या तुऱ्यांवरून सावकाश सरकत होता. इकडून तिकडं. तिकडून इकडं. काही शोधत असल्यासारखा.

आवाज काही नाही. रातकिडे बंद. नदीचं पाणी बंद.

बाळासोनं हाक मारायला तोंड उघडलं. "कोन हाय रं..."

पुढचा शब्द निघाला नाही. मागून तोंडावर पंजा बसला.

म्हाताऱ्यानं त्याला कठड्याच्या आडोशाला खाली ओढला. बाळासो पोती उचलणारा गडी, आणि तो अठ्ठ्याहत्तरीचा म्हातारा. पण बाळासोला हलता येईना. पंजा तोंडावर होता, नाकावरही होता. ओला होता.

झोत पुलावर आला. कठड्याचे दगड पांढरे झाले. सरकला... थांबला... परत आला.

बाळासोच्या छातीत हवा नव्हती. डोळ्यापुढं लाल झालं. आणि कानाशी म्हातारा बोलत होता. हळू. मायेनं.

"गप, केरबा. गप. जाईल ती. कण्हू नगो... गप."

झोत गेला.

हात निघाला नाही.

बाळासोनं शेवटची ताकद लावून कोपर मारलं आणि पंजाला कडकडून चावला. तेव्हा तो सुटला. रस्त्यावर पडून हवा ओढत राहिला. म्हातारा कठड्याला टेकून बसला होता. स्वतःच्या हाताकडं बघत होता.

काळोख. रातकिडे परत सुरू झाले.

"आबा," बाळासो म्हणाला. "केरबाकाकाला बी असंच..."

म्हाताऱ्यानं तो हात कोटाला पुसला.

"त्यो मेला ते तुमाला कवा कळलं?"

"... उजेड गेल्यावर."

पुलाखाली, पाण्यात, कुणीतरी खोकलं.

बाळासो उठला. किक मारली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. म्हातारा मागं बसला. बाळासो म्हणाला, हे तिला तुमच्याच तोंडानं सांगायचं. माझ्या नाही. म्हातारा म्हणाला, सांगतो. गावचा चढ तसा काही नाही, रोजचा. त्या रात्री गाडी चढ ओढत नव्हती. बाळासोनं मागं वळून बघितलं नाही. मी असतो तर मीही बघितलं नसतं.

घरात कंदील लावलेला. चिमणाबाई भिंतीला टेकवून बसवलेली. बायकांना तिनं बाहेर काढलं होतं. हंबीरराव उंबऱ्यातून आत आला, तिच्या अंथरुणापाशी बसला. बाळासो दाराला पाठ लावून उभा राहिला. तिनं सरळच विचारलं.

"हंबीरा. माजा धनी हाय, का न्हाय?"

हंबीररावानं तोंड उघडलं.

"वैनी, मी त्येला..."

आणि थांबला.

बाळासो सांगायचा, तो स्वतःहून थांबला नाही. शब्द मधेच तुटला. ओठ आत दाबले गेले. नाकपुड्या चपट्या झाल्या. मान मागं ओढली गेली. डोळे मोठे... हात हवेत काहीतरी सोडवत होते. त्याच्या मागं कुणी नव्हतं. नुसती भिंत. कंदील हलत नव्हता.

चिमणाबाई त्याच्याकडं बघतच नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघत होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हातारीनं. नव्या नवरीनं करावा तसा.

"आलासा?" ती म्हणाली.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिच्या तोंडावर हसू आलं आणि डोळ्यांतून पाणी.

"हाय तस्संच हायसा की तुमी," ती म्हणाली. "मी बगा कशी म्हातारी झाले."

... 

मग तिला कळलं. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. हसू गेलं. तिनं उजवा तळवा कपाळावर ठेवला आणि एका बाजूनं दुसऱ्या बाजूला ओढला. कुंकू पुसलं. हातातल्या काचेच्या बांगड्या भिंतीवर फोडल्या. रडली नाही.

"सोडा त्येला आता," ती म्हणाली. "मला न्हाय ऐकायचं."

हंबीरराव जमिनीवर कोसळला. श्वास चालू होता.

चिमणाबाई दसऱ्याच्या आत गेली. बिनकुंकवाची, पांढऱ्या लुगड्यात. भावकीत कुणाला काही विचारावं लागलं नाही. बाळासोनं पुढच्या भादव्यापासून केरबाचं पान आपल्या घरी वाढलं आणि त्याला कावळा लगेच शिवला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्यानं मला बोलावलं होतं. बांधाचं भांडण आम्ही तेव्हाच मिटवलं, आणि त्या रात्रीची हकिकत त्यानं मला तेव्हाच सांगितली.

हंबीरराव त्यानंतर दोन वर्षं जगला. बोलला मात्र नाही. एक शब्द नाही. गडहिंग्लजच्या डॉक्टरनं अर्धांगवायू सांगितला. असेल. मी शिकलेला माणूस नाही. पण अर्धांगात तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो. ह्याचं तोंड सरळ होतं. दोन्ही हात चालत होते. भाकरी चावून खायचा.

मला संशय होता की म्हातारा सोंग करतोय. बोललं तर विचारतील, म्हणून बोलत नाही. हा संशय मी दोन वर्षं धरून होतो.

तो वारला तेव्हा अंघोळ घालायला भावकीतले चौघं लागतात, त्यात मी होतो. दाढी वाढलेली होती. न्हाव्यानं ती उतरवली. तेव्हा ते दिसलं. तोंडावर आडवा पंजा. एका गालावर अंगठा, दुसऱ्यावर चार बोटं, मागून दाबल्यासारखी. काळी-निळी नव्हेत. पांढरी. मिठागरात कडेला मीठ सुकतं तशी. मी घागरीनं ऊन पाणी ओतलं, हातानं चोळलं. गेली. बरं वाटलं. अंग पुसून होईपर्यंत गाल वाळले, आणि बोटं पुन्हा वर आली. पुन्हा धुतली. पुन्हा आली.

शालूबाईच्या नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं.

आमच्यात मयताचं तोंड उघडं ठेवून नेतात. हंबीररावाचं झाकून नेलं.