चंदनाशेजारची तूर

"तुमच्या पिशव्यांत तण लई असतंय बघा."

हे त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. तेही भर उन्हात, माझ्या तोंडावर!

जळकोटला हायवेलगत आमची नर्सरी. माझ्या वडिलांनी, बापूंनी सुरू केलेली, पण शेतीची पदवी घेऊन आल्यापासून ती मीच चालवते. गिऱ्हाइकाशी मी गोड बोलते, हवं तर कुणालाही विचारा. पण हा अमरसिंह… सास्तूरचा. मागं बापूंकडून चंदनाची रोपं घेऊन गेलेला. आता त्यातलंच एक पिवळं पडलेलं रोप माझ्यापुढं धरून उभा.

"तण कसलं?" मी विचारलं.

"तूर! प्रत्येक पिशवीत, चंदनाला खेटून. म्या सगळी उपटून टाकली."

"सगळी?"

"एक बी ठिवली न्हाय," तो छाती काढून म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. "अहो, ती मुद्दाम लावली होती! चंदनाला माळरानावर एकट्यानं जगता येत न्हाय. शेजारच्या झाडाच्या मुळांना ते आपली मुळं चिकटवतं आणि त्यातनं पाणी ओढतं. उपाशी मारलंत की बिचाऱ्यांना!"

त्याचा चेहरा असा उतरला, की मला हसू आवरेना. आणि हसता हसता लक्षात आलं… ह्याचे डोळे फार छान आहेत. आता काय करता!

मी तुरीचं बी दिलं, रोपाजवळ कसं टोचायचं ते दाखवलं. काही दिवसांनी तो सांगायला आला — "उगवली." परत आला — "चंदनाला नवी पालवी फुटली." पुढं पुढं तर काहीच सांगेना. नुसता हिरव्या जाळीखाली उभा राहून मला झारी भरून द्यायचा.

"सास्तूरला पाणी न्हाय का?" मी चिडवायची.

"हाय की. पण तिथं झारी घ्यायला तुमी न्हाय."

मग मी उगाच मोगऱ्याची पानं पुसत बसायची.

अशातच बापूंनी पुण्याचं स्थळ आणलं. मुलगा चांगला होता. पण पुण्याला जायचं म्हणजे नर्सरी सोडायची, आणि त्या विचारानंच माझा जीव कासावीस व्हायचा. खरं सांगू? झारी भरणाराही सोडायचा नव्हता.

पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी अमरसिंह आला. त्याला कळलं होतं.

"शिवकन्या… मी त्या चंदनासारखा हाय. तुमी शेजारी असला तर जगंन."

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. माझं डोकंच फिरलं.

"म्हणजे मी तूर? तुम्ही माझ्यातनं ओढून उंच होणार, आणि मी वाळून जाणार? सास्तूरला येऊन चुलीपुढं बसू? आणि ही नर्सरी कुणी बघायची?"

तो वळला, मोटारसायकलपाशी गेला. गेला हा! कशाला बोलले मी एवढं?

पण किल्ली हातात तशीच ठेवून तो परत आला.

"मीच इकडं राहाय येतो. रानाकडं अधनंमधनं जाऊन येईन. थोरला भाऊ हाय तिथं."

"लोक घरजावई म्हणतील. पारावर बसून हसतील."

"हसू द्या की."

"आणि तुमची आई?"

"रागावंल… लई रागावंल. पण तिला मी सांगंन. तुमी नर्सरी सोडू नका."

इतकं सरळ माझ्यासाठी कुणी बोललं नव्हतं. तो मला आवडत होताच. त्या क्षणी मात्र माझा जीवच जडला त्याच्यावर. डोळे भरून आले, आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून मी घराकडं तोंड करून जोरात हाक मारली —

"बापू! पुण्याच्या पाहुण्यांना फोन करा. येऊ नका म्हणावं. मी जळकोटातच राहणार हाय!"

मागून हळूच आवाज आला, "आन् मी?"

"तुमी बी!"