शेपटीतलं झाकण

दोमोकोश बोडोर फेर्टो तळ्याच्या बोरूबनात शिरला तो एकाच प्रश्नाचं उत्तर आणायला. त्याच्या भावानं उडी का मारली नाही?

प्रश्न सत्तेचाळीस वर्षांचा होता. दुसरं महायुद्ध हरल्यात जमा होतं. हंगेरीचे उरलेसुरले वैमानिक आपली जर्मन बनावटीची मेसरश्मिट विमानं घेऊन पश्चिमेकडे निघाले होते, आणि त्याच दिवशी लोरांत बोडोरचं विमान धूर ओकत या बनात पडलं. पाठीला पॅराशूट होतं, खाली यायला वेळही भरपूर होता. गावातला वेंडेलकाका तेव्हा तरणाताठा होता, काठावर बोरू कापत होता. त्यानं सगळं पाहिलं. बैठकीवरचा काचेचा टप उडाला, वैमानिक अर्धा उभा राहिला, मागं वळून पाहिलं आणि पुन्हा खाली बसला. आई म्हणायची, माझ्या लेकानं देश सुटताना शेवटचं डोळे भरून पाहिलं. गाव मात्र वेगळंच कुजबुजायचं. पाद्री तर तोंडावर म्हणाला होता की, जाणूनबुजून मरणाऱ्यासाठी चर्चची घंटा वाजत नाही. आई ते मनात घेऊनच गेली. दोमोकोश साठीला आला तरी ते त्याच्या घशात काट्यासारखं अडकून होतं.

शोधायला जायची सोय नव्हती. तळ्यातून देशाची सरहद्द जाते. इतकी वर्षं तिथं काटेरी तार होती आणि बुरुजावर बंदुका होत्या. आता तार निघाली. यंदा पाणीही आटलं, थंडीत बनाला वणवा लागला, आणि जळक्या खुंटांत वेंडेलकाकाला एक शेपूट उभी दिसली. पत्र्याची.

म्हणून तिघं निघाले होते. पुढं काठीनं बर्फ ठोकत वेंडेलकाका, मागं घसरगाडी ओढत दोमोकोश आणि एटेल्का.

एटेल्का येणार हे कळल्यावर दोमोकोशचं तोंड कडू झालं होतं. तिचा बाप गाश्पार हा लोरांतच्या विमानाचा मेकॅनिक. मेकॅनिकांनी ट्रकनं जावं असा हुकूम होता. गाश्पार ट्रकवर चढलाच नाही, नाहीसा झाला. कागदोपत्री पळपुटा ठरला. दोमोकोशच्या घरात हिशेब सरळ होता: विमान अर्धवट दुरुस्त करून मेकॅनिक पळाला, म्हणून इंजिन पेटलं. हे त्यानं एटेल्काच्या आईला भर बाजारात ऐकवलंही होतं. आणि ही बाई आजही अंबाड्यात बापानं विमानाच्या पत्र्यातून कापलेली कंगवी खोचून मिरवत होती!

"बोडोरसाहेब, गाडी ओढायची असते," एटेल्का म्हणाली. "तिच्यावर रेलायचं नसतं."

"तू कशाला आलीस, ते तरी सांग."

"इंजिन बघायला. माझ्या बापाचा हात वाईट नव्हता. तुमच्या तोंडाला एकदाचं कुलूप लागेल."

"भांडा, भांडा," वेंडेलकाका मागं न बघता म्हणाला. "बर्फाला ऐकू गेलं की तोही तोंड उघडेल."

धुकं उतरलं होतं. दोन्ही बाजूंना वणव्यातून वाचलेला पुरुषभर उंचीचा पिवळा बोरू, मध्ये हातभर वाट, ती दहा पावलांवर फुटायची आणि पुन्हा फुटायची. अधूनमधून तळ्याच्या पोटातून लांबलचक कण्हणं यायचं आणि पायाखालून निघून जायचं. जिथं तळातून वायू बुडबुडतो तिथं बर्फ कधीच धरत नाही, आणि वरून काही कळतही नाही. काकानं बजावलं होतं: माझ्याच पावलावर पाऊल.

दोमोकोशनं धुक्यात काहीतरी उभं पाहिलं. शेपूट! तो वाट सोडून धावला.

कड्कन आवाज झाला. बर्फ गेला! छातीपर्यंत पाणी, पायाखाली तळ नाही, नुसता चिखल. चिखल खाली ओढतोय. त्यानं कड धरली. कड तुटली. पुन्हा धरली. पुन्हा तुटली! तेवढ्यात तोंडासमोर काठी आदळली. पलीकडच्या टोकाला एटेल्का बर्फावर पालथी पडली होती आणि तिचे दोन्ही पाय काकानं धरले होते.

"हात मारू नका, लाथा मारा! पोहल्यासारखं!" ती ओरडली.

तो कसाबसा वर आला. काकानं त्याच्या घशात बाटलीतली दारू ओतली, स्वतःचा कोट त्याच्या अंगावर घातला. एटेल्कानं न विचारता डब्यातला खारवलेल्या चरबीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. आभार मानावेत असं त्याला वाटलं, पण दात इतके वाजत होते की शब्द फुटेना, आणि फुटला असता तरी तो कदाचित गिळला असता.

विमान तिथून हाकेवर होतं. नाक चिखलात गाडलेलं, शेपूट बर्फावर तिरकी. काळ्या चौकोनातला पांढरा क्रूस अजून ओळखू येत होता. दोमोकोशनं कुऱ्हाड घेतली आणि वैमानिकाच्या बैठकीतला गोठलेला चिखल फोडायला लागला. एकाच माणसाची बैठक, इतकी अरुंद की खांदे घासावेत. आधी चामडी टोपी लागली. मग खांद्याची हाडं. मग पट्टे.

त्याचा हात थांबला. पट्ट्यांची कडी उघडी होती. तुटलेली नव्हती, हातानं सोडलेली. पॅराशूट अंगावर तसंच बांधलेलं.

म्हणजे काकानं पाहिलं ते खरं होतं. लोरांतनं टप उडवला, पट्टे सोडले, उभा राहिला. फक्त बाहेर पडायचं होतं. आणि तो बसला. दोमोकोशला भडभडून आलं. पाद्री खरं बोलला होता, हे उत्तर घेऊन घरी जायचं होतं का?

"इकडे या," एटेल्का शेपटीकडून म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता.

बैठकीच्या मागं, विमानाच्या पोटाच्या डाव्या बाजूला, वायरलेसचं यंत्र काढघाल करायला एक चौकोनी झाकण असतं. ते आदळून चेपलं होतं, एका कोपऱ्याला चार बोटांची फट पडली होती. एटेल्कानं बॅटरी फटीला लावली. दोमोकोशनं डोळा लावला.

आत यंत्र नव्हतं. आत माणूस होता.

गुडघे छातीशी घेऊन, मान वाकवून, पेटीत घोंगडं कोंबावं तसा बसलेला. काळी पडलेली बंडी. एक हात पुढं, वैमानिकाच्या पाठीमागच्या पत्र्याला टेकलेला.

एटेल्कानं फटीतून हात घातला, चाचपडला आणि मूठ बाहेर काढली. मुठीत पत्र्याची कंगवी होती. लहान, पोरीच्या केसांची. अर्धेच दात कापलेले होते.

"मी पाच वर्षांची होते," ती म्हणाली. "आईची झाली, आता तुझी करतो, म्हणाला होता."

दोमोकोश झाकणाच्या खिट्ट्यांकडे बघत राहिला. त्या बाहेरून होत्या. आतल्या माणसाला त्या उघडता येत नाहीत. बाहेरच्यानं लावायच्या आणि बाहेरच्यानंच काढायच्या. ट्रकांच्या रस्त्यावर त्या दिवशी बॉम्ब पडत होते, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. लोरांतनं आपला मेकॅनिक यंत्राच्या जागी बसवला होता आणि खिट्ट्या स्वतःच्या हातानं लावल्या होत्या.

"मागं वळला होता," वेंडेलकाका पुटपुटला. "देवा, आणि आम्ही समजलो, देशाकडे बघतोय."

"उडी मारली असती तर हा आतच राहिला असता," दोमोकोश म्हणाला. "म्हणून बसला. दोघांना घेऊन विमान बोरूवर उतरवायला बसला." तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. गाश्पार पळाला म्हणून बाजारात बोललेलं एकेक वाक्य त्याला आठवत होतं.

तेवढ्यात वारा फिरला. दक्षिणेचा, ओला. धुकं फाटलं, आणि बर्फावर पाण्याचा पातळ थर सरकत आला.

"निघा!" काका ओरडला. "बर्फ सुटतोय!"

कुऱ्हाड एकच होती. लोरांत कमरेखाली अजून गोठलेल्या चिखलात होता. शेपटीचं झाकण कापायलाही वेळ लागणार होता. दोन्ही होणार नव्हतं.

एटेल्का मागं सरली. "तुमचा भाऊ आहे," ती म्हणाली. "त्याला घ्या. मला कळलं, तेवढं बास."

दोमोकोशनं कुऱ्हाड उचलली आणि शेपटीकडे गेला.

"लोरांत याला टाकून उतरला नाही," तो म्हणाला. "याच्याआधी मी त्याला उतरवलं तर तो मला दारात उभं करेल का?"

पहिला घाव! दुसरा! पत्रा किंचाळत फाटला. पाणी घोट्याला लागलं. खिट्ट्या एकेक करून उडाल्या. एटेल्कानं बापाला शालीत घेतलं. केवढंसं ओझं होतं ते. घसरगाडी वळली आणि तिघं पळत सुटले. डावीकडे बर्फ फुटला, उजवीकडे फुटला! काका खुंटांच्या रांगेतून वाट काढत होता, आणि या वेळी दोमोकोश त्याच्या पावलाबाहेर पाऊल टाकत नव्हता.

काठाला लागल्यावर त्यांनी मागं पाहिलं. बनावर पाणी चमकत होतं. शेपूट सावकाश सरळ झाली आणि खाली गेली.

एटेल्का बराच वेळ तिकडे बघत होती. अंबाड्यातली कंगवी निसटून मानेवर आली होती, ती तिनं नीट खोचली.

"पुढच्या थंडीत पाणी आटेल, दोमोकोश," ती म्हणाली. "मी येईन. लोरांतला असं ठेवायचं नाही."

"येऊ," दोमोकोश म्हणाला. त्यानं गाडीचा दोर खांद्यावर घेतला. "आता तो खुशाल थांबेल. त्याचा माणूस उतरलाय."