जांभळीच्या बंगल्यातला वैल

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी मंगला तुपाची बरणी आणायला उठली, आणि तिथूनच सगळं सुरू झालं. वेळ एवढी नेमकी ठाऊक आहे ती यामुळे, की बरणी बंगल्याच्या आतल्या खोलीत थंड फरशीवर ठेवली होती आणि तिच्याशेजारीच बन्सीलालने आंघोळीआधी काढलेलं घड्याळ पडलं होतं. मंगलाने बरणी उचलली, घड्याळाकडे पाहिलं आणि मनाशी म्हणाली, पितरांना उशीरच झाला म्हणायचा.

साल एकोणीसशे एकसष्ट. बन्सीलाल शहाद्याला जिनिंगमध्ये कारकून होता. कापसाचा हंगाम संपला की त्याला थोडी उसंत मिळे. त्यांची चार वर्षांची जमना मुदतीच्या तापातून उठली होती, पण नुसती उठली म्हणायची. पेजेची वाटी पुढे केली की ओठ घट्ट मिटून घ्यायची. हातापायांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. रात्री मंगला तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची, मग पुन्हा बघायची. डॉक्टर म्हणाले, "थंड हवेला न्या. बाहेरचं खाणं नको. आईच्या हातचं ताजं, मऊ, ती मागेल तेव्हा द्या."

ती मागेल तेव्हा! शहाद्याच्या घरात चौदा माणसांचा स्वयंपाक, आणि चूल सासूबाईंची. पोरीसाठी मधेच एखादं भांडं चढवलं तर जावांच्या भुवया चढत. तेव्हा बन्सीलालनेच शोध लावला. सातपुड्याच्या चढावर जंगलखात्याचा जांभळीचा बंगला होता. म्हसावदपर्यंत एसटी, पुढे बैलगाडी. राहायला खोली, खाट, कंदील आणि विहिरीचं पाणी मिळे. पीठमीठ आपलं, रांधायचंही आपलं आपण.

सासू धनुबाईंना हे काही पटेना. "घरमा चूल शे ना? मंग जंगलमा रांधाले कसाले जातस?"

"सायेब लोके बी जातस, माय," बन्सीलाल म्हणाला.

"तू कव्हय सायेब व्हयना रे?" असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. पण निघताना गाठोड्यात गूळ आणि हरभऱ्याची डाळ त्यांनीच बांधून दिली, आणि मंगलाला बाजूला घेऊन बजावलं, "आखाजीले जठे चूल पेटाडशी, तठे आगारी टाकजो. पन नाव लीसन टाक. बिगर नावनं कोनले बलावू नको."

आगारी म्हणजे पितरांचा घास. आखाजीला पुरणपोळी झाली की तिचा तुकडा तुपासह निखाऱ्यावर ठेवायचा, घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची, भोवती पाणी फिरवायचं आणि दार ओढून बाहेर यायचं. ज्याचं नाव घ्यावं तो जेवून जातो.

पहिली संध्याकाळ मंगला जन्मभर विसरणार नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण चूल अशी तिच्या एकटीच्या ताब्यात कधी आली नव्हती. तिने खिचडी टाकली ती केवळ मनात आलं म्हणून. तूप सोडलं तर बघायला कोणी नव्हतं. बन्सीलाल पायरीवर बसून कांदा चिरत होता! घरी त्याने पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलला नव्हता.

"आपल्या घरच्यांनी पाहिलं ना, तर मलाच नावं ठेवतील," ती म्हणाली.

"म्हणून तर इतक्या लांब आणलं तुला," तो डोळे पुसत हसला.

तिघं ओसरीवर बसून जेवली. म्हणजे दोघं जेवली. जमनाने ओठ मिटून घेतले.

तर आखाजीची ती दुपार. स्वयंपाकखोली बंगल्यापासून वेगळी, अंगणापलीकडे होती. मंगला तूप घेऊन परत निघाली तेव्हा मोहाच्या झाडाखाली पानही हलत नव्हतं. सकाळपासून ओरडणारे होले पक्षी एकदम गप्प झाले होते. आत पुरणपोळ्या झाल्या होत्या, चुलीवर कटाची आमटी खदखदत होती. चुलीला शेजारी वैल होता, तिच्याच आचेवर तापणारी जोडचूल, पण दोहोंमधलं भोक कोणीतरी फार पूर्वी मातीने पक्कं बुजवलेलं. चूल कितीही पेटली तरी वैल थंडच. काल रात्री तिने त्यावर पाण्याची कळशी ठेवली होती, ती सकाळपर्यंत गार राहिली.

तिने निखारे पुढे ओढले, घास ठेवला, तूप सोडलं. "भिला आबा," ती म्हणाली. आजेसासऱ्यांचं नाव तेवढं ठाऊक होतं. पुढे काहीच आठवेना. घरी नावं सासूबाई घेत, सुना मागे हात जोडून उभ्या राहत. घास तर करपायला लागला. घाईघाईत तिच्या तोंडून निघून गेलं, "ज्यांनी ज्यांनी या चुलीवर रांधलं आणि जे उपाशी राहिले... त्या सगळ्यांनी या."

निखाऱ्यावर जाळ वीतभर उंच उठला आणि लगेच खाली बसला. तिने पाणी फिरवलं, दार ओढलं आणि बाहेर येऊन उभी राहिली.

थोड्या वेळाने दार उघडलं, तर आत पुरणाचा वासच नव्हता. भाजलेल्या मोराच्या पेजेचा वास होता. मोर म्हणजे डोंगरातलं बारीक धान्य. तिने ते आणलेलंच नव्हतं. तिने वैलाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

चौकीदार रेवजीने काही शिजवलं असेल, असं म्हणत ती बंगल्याकडे आली. जमना ओसरीवरच्या खाटेवर उठून बसली होती. हनुवटीवर पेजेचा ओघळ होता. अजून ओला.

"काय खाधं व माय?" मंगलाने विचारलं.

"पेज."

"कोनी दिधी?"

"त्या बाईनी," जमनाने स्वयंपाकखोलीकडे बोट केलं. "गोड व्हती."

मंगलाच्या अंगावर सरसरून काटा आला. आणि त्याच क्षणी तिला रडूही आलं, कारण कित्येक आठवड्यांत पोरगी कशालाही गोड म्हणाली नव्हती.

रेवजी दिवेलागणीला लाकडं घेऊन आला. म्हातारा, पावरा आदिवासी, बोलणं मोजकं. मंगलाने विचारलं तेव्हा त्याने मोळी खाली ठेवली आणि वैलाकडे न बघता म्हणाला, "पाड्यावरनी एक बी बाई आठे येत नही, बाई."

"मंग कोन व्हती?"

रेवजी मोळीची दोरी सोडत बसला. मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. गोऱ्या साहेबांच्या वेळी शिकारीला पाहुणे आले होते. त्यांच्या स्वयंपाकाला खालच्या गावातून एक बाई आणलेली. तिचं नाव कोणाला माहीत नाही. तिचं पोर तापाने फणफणलं. त्याला गाडीत घालून खाली न्यायचं ठरलं, पण पाहुण्यांचं जेवण व्हायचं होतं, तिला कोणी सोडलं नाही. "पोर येईल तर उपाशी असेल," म्हणून तिने वैलावर पेज ठेवली. गाडी घाटाखालच्या मोठ्या मोहापर्यंतच पोहोचली. पोराला तिथेच पुरलं... तिला सांगायची छाती कोणाची झाली नाही. दोन दिवसांत तीही तापाने गेली, इथेच, चुलीपाशी.

"मन्हा बापनी भोक बुजं," रेवजी म्हणाला. "तरी वैल तपस... कव्हय कव्हय."

बन्सीलाल आधी हसला. मग उठून वैलाला हात लावून आला, आणि नंतर हसला नाही. "गुरुवारी गाडी येईल तेव्हाच जाता येईल," तो एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मंगलाने जमनाला मांडीवरून खाली उतरू दिलं नाही. मऊ भात केला, वरण केलं, गोष्टी सांगितल्या. पोरीने ओठ मिटले. दुपार डोक्यावर आली तशी पोर हात सोडवायला लागली. "मले भूक लागनी. बाईकडे जावू दे."

भूक लागनी! हा शब्द ऐकायला मंगलाने किती नवस बोलले होते. आता तो कानावर आला तर असा. पोरीला धरून ठेवावं तर ती उपाशी राहणार. सोडावं तर कोणाच्या हातात सोडावं? शेवटी मंगलाचीच बोटं सैल झाली. जमना अंगण ओलांडून आत गेली. मंगला दाराला कान लावून उभी राहिली. आत पळीचा भांड्यावर हलका आवाज. काकणं वाजली. मग जमनाचं हसू.

असं तीन दुपारी चाललं. पोरीच्या गालावर रंग आला. ती कैऱ्या मागायला लागली, झाडामागे लपून बन्सीलालला भोवऽऽ करायला लागली. मंगला मात्र रात्र रात्र जागी. आपल्या लेकराला जगवणारा हात आपला नाही, आणि जिवंत माणसाचाही नाही, हे तिला सहन होईना.

बुधवारी दुपारी दारामागून जमनाचा आवाज आला. "बाई म्हनस, तू आठेच ऱ्हाय... घर जाऊ नको."

मंगलाने दार ढकललं. आत कोणी नव्हतं. वैलावर पेजेचं भांडं वाफाळत होतं आणि त्यातली पळी अजून डुलत होती. जमना पाटावर बसली होती, तोंड वर करून, कोणाकडे तरी बघत.

पळून जावं असं मंगलाला वाटलं. पण पळून पोरीचं काय होणार? ती पुढे गेली, जमनाला मांडीवर घेतलं आणि तीच पळी हातात घेतली. पळी गरम नव्हती. नदीतल्या दगडासारखी गार होती.

"बाई," ती वैलाकडे तोंड करून म्हणाली. "तुन्हा हातनं मन्ही पोर जेवनी. तुन्हे उपकार... पन ही मन्ही शे. इले मी खावाडस. तू आते बस... तुन्हं पोर बी कोठेतरी जेवनं व्हई."

शेवटचं वाक्य खोटं होतं, हे तिला बोलतानाच कळत होतं. पण आईला दुसरं काय सांगायचं? तिने पेजेचा घास जमनाच्या ओठांशी नेला.

जमनाने तोंड उघडलं.

एक घास, मग दुसरा. भांडं संपेपर्यंत मंगला भरवत राहिली आणि रडत राहिली. चुलीतला धूर दाराबाहेर निघून गेला. वैलाला हात लावला, तर तो गार पडला होता. बाहेर होले घुमायला लागले.

गुरुवारी पहाटे तिने चूल आणि वैल शेणाने स्वच्छ सारवले, मूठभर तांदूळ आणि मीठ द्रोणात ठेवलं, आणि गाडीत बसली. घाट उतरल्यावर मोठ्या मोहाखाली गाडीवाल्याने बैलांना पाणी दाखवायला गाडी थांबवली. मंगलाने मुद्दाम त्या झाडाकडे पाहिलं नाही. जमना मात्र गाडीत सरकून आईला चिकटली आणि शेजारी अंथरलेल्या गवतावर हाताने थोपटून म्हणाली, "बठ."

बैल निघाले. गाडी जड झाली आहे असं गाडीवाला दोनदा म्हणाला.

जमना आता घरी दोन वेळा पोटभर जेवते. धनुबाईंनी स्वतः तिच्यासाठी चुलीवरची वेगळी जागा मोकळी करून दिली आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यात आपणही जंगलात रांधायला येणार म्हणतात. पाहणाऱ्याला पोरीत काही वावगं दिसत नाही. फक्त जेवायला बसली की ती पाटाच्या एका कडेला सरकते आणि अर्धा पाट रिकामा सोडते. भाकरी मोडली की एक तुकडा त्या बाजूला ठेवते. तो तुकडा राहत नाही.

एकदा मंगलाने धीर करून विचारलं, "कोन बठस व तठे? ती बाई?"

"नही," जमना घास चावत म्हणाली. "तिन्हं पोर. त्याले लई भूक लागेल शे."

तेव्हापासून मंगला दोन ताटं वाढते. भीती वाटते, पण वाढते. तिला जांभळीला परत जाववत नाही. म्हणून ती ज्याला त्याला सांगते, आणि ते पुढे सांगायचं काम तुमचं. आपलं पीठमीठ घेऊन, आपल्या लेकरांना आपल्या हाताने खाऊ घालायला कोणी त्या बंगल्यावर जाणार असेल, तर जरूर जा, हवा फार चांगली आहे. फक्त चूल पेटवण्याआधी वैलाशी घटकाभर बसा आणि त्या बाईला तेवढं सांगा: तुझं पोर शहाद्याला, मंगलाच्या घरी आहे. रोज जेवतं. आता वाट बघू नकोस.