काटेझाडावरचा रुमाल

"तिनं आग लावलेली नाही," गॉबनेटबाई दारातूनच म्हणाल्या. "तुम्ही ते सिद्ध करा. फक्त मी आले होते, हे फिंटनच्या कानावर जायला नको."

नूला गेराटीनं त्यांना आत घेतलं. खासगी तपास करणारी आमच्या भागात ही एकच बाई.

"इतकी खात्री कशी काय?"

"आहे," एवढंच बोलून गॉबनेटबाई उठल्या.

फिंटन म्हणजे त्यांचा नवरा. सरकारनं गावच्या जुन्या मठात आसरा मागणारे परदेशी लोक ठेवले, तेव्हापासून हा गडी फाटकात ट्रॅक्टर आडवा लावून बसलेला. गावाला कुणी विचारलं नाही, हा राग. राग काही खोटा नव्हता. इथं डॉक्टर मिळायची आम्हालाच मारामार. पण त्या रागापायी आतली माणसं कोंडवाड्यातल्यासारखी कोंडली गेली, हेही तितकंच खरं.

त्यात संत ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या रात्री फाटकाजवळचं कोठार जळालं. राखेशेजारी निळ्या फुलांचा रुमाल सापडला आणि सुदानच्या इंतिसारवर आळ आला, कारण आत डोक्याला रुमाल बांधणारी ती एकटीच. आज दुपारी चार वाजता गाडी येऊन तिला नि तिच्या लेकीला दुसरीकडे नेणार होती. आग लावणारी म्हणून शिक्का बसला की आसऱ्याचा अर्ज बुडालाच म्हणायचा.

नूलाचा मावसभाऊ मॅटी गाडी चालवायला आला तो डोकं धरूनच.

"किती ढोसलीस रे?"

"सणाचा मान ठेवला गं." त्यानं खिशातून आईनं दिलेली ब्रिजिडची चिंधी काढून कपाळावर दाबली. सणाच्या आदल्या रात्री झाडावर टाकलेल्या कापडाला संत हात लावून जाते म्हणतात. मग वर्षभर डोकेदुखीला, बाळंतपणाला त्यातलाच तुकडा कापून देतात.

"चिंधीनं दुखणं जातं, बाबा. दारू नाही उतरत."

फाटकाशी पिंपात लाकडं पेटली होती. गॉबनेटबाई चहा ओतत होत्या. त्यांनी ओळख दाखवली नाही.

"परवापर्यंत पाच टाळकी उरली होती," फिंटन म्हणाला. "गाई व्यायला लागल्या, जो तो घरी पळाला. आता बघ, अख्खं गाव लोटलंय!"

शेजारी भोंगा घेऊन डॅरन उभा होता. हा आमचा नव्हे. आंदोलनाचा वास लागल्यावर डब्लिनहून आलेला, आपल्या गाडीतच झोपायचा.

"इथूनच पाहिली तिला," तो म्हणाला. "हाच रुमाल डोक्याला, हनुवटीखाली घट्ट गाठ. पळताना सुटून पडला."

"तुम्ही आत गेला होतात?"

"मी कशाला मरायला जातोय? कसली ती घाणेरडी माणसं! प्रार्थनाघरामागच्या काटेझाडावरसुद्धा धुणं वाळत टाकतात."

फाटकावरच्या फौजदारांना सांगून नूला आत शिरली ती थेट त्या झाडाशी. "मॅटी, इथून फाटक दिसतं?"

"छे! मधे अख्खं प्रार्थनाघर आहे की. चल ना, पाय गारठले."

इंतिसारच्या खोलीची खिडकी वीतभरच उघडत होती. छोटी रीम दप्तर पाठीला लावून खाटेवर बसली होती.

"रोज सकाळी अशीच तयार होते," इंतिसार म्हणाली. "फाटक काही उघडत नाही. आज उघडेल, तर आम्हाला चोरासारखं न्यायला."

"रुमाल तुमचा?"

"नाही."

"मग कुणाचा? एक नाव घ्या, सुटाल."

"आणि ती अडकेल," इंतिसार बोलून गेली, आणि तिनं ओठ घट्ट मिटले.

"ती कोण?" मॅटीनं विचारलं.

"चल मॅटी," नूला म्हणाली. "ती कोण ते मला कळलं."

चारच्या आत नूलानं सगळ्यांना फाटकाशी गोळा केलं. तिच्या सांगण्यावरून फौजदारांनी पिशवीतला रुमाल काढला आणि गजांमधून इंतिसारला दिला.

"बांधा डोक्याला."

इंतिसारनं तो ओढला, ताणला. टोकं कशीबशी कानांपर्यंत आली.

"डॅरन, हनुवटीखालची ती घट्ट गाठ जरा मारून दाखवता?"

डॅरन भोंगा छातीशी धरून मागे सरकला.

"याचे कोपरे कात्रीनं कापलेत," नूला म्हणाली. "हा डोक्याचा रुमालच नव्हे, ब्रिजिडचं कापड आहे. गावच्या बायका पूर्वापार टाकतात तसं आत काटेझाडावर टाकलेलं. गावातला माणूस जीव गेला तरी त्याला हात लावणार नाही. याला मात्र ते धुणं वाटलं! अहो, या थंडीत बाहेर धुणं कोण टाकतं? आणि ते झाड फाटकातून दिसतच नाही. म्हणजे हा आत गेला होता. पाचच टाळकी उरली, तेव्हा याला आग हवी होती आणि आग लावणारी कुणी परकी हवी होती. कापड दिसलं, उचललं."

"मग ते झाडावर टाकलं कुणी?" फिंटन गुरगुरला.

"फाटकातून आत जाणं जिला लाजेचं झालं होतं, तिनं. तिनं ते भिंतीवरून इंतिसारच्या हाती दिलं, आणि आळ आल्यावर तोंड उघडायचं धाडस झालं नाही म्हणून माझ्याकडे आली." नूलानं कुणाकडेच पाहिलं नाही. "पुढचं मी सांगणार नाही. मला तशी ताकीद आहे."

पिंपातलं लाकूड तडतडलं. चहाची किटली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माझं आहे," गॉबनेटबाई म्हणाल्या. "माझ्या आईचं. तुझ्या दोन्ही पोरांच्या वेळी यातलाच तुकडा माझ्या पोटाला बांधला होता, फिंटन. आता सुनेचे दिवस भरलेत. तुझ्या ट्रॅक्टरला ओलांडून मी झाडापाशी जाऊ कशी? ती एकच बाई भिंतीशी येऊन माझ्याशी गोड बोलायची. आणि मी भेकड, तिला बुडू देत होते!"

त्या रडायला लागल्या. फौजदारांनी डॅरनच्या दंडाला धरलं. फिंटन बायकोकडे बघतच राहिला.

तेवढ्यात गाडी आली. चालकानं हात हलवून ट्रॅक्टर काढायची खूण केली. ही एक गाडी सोडायची, असं फिंटननंच सकाळी कबूल केलं होतं.

फिंटन ट्रॅक्टरवर चढला. पुढे घेतला, मागे घेतला, आणि फाटकाला आणखी चिकटवून लावला.

"माघारी जा," तो चालकाला म्हणाला. "तिला नेऊ देणार नाही."

"अहो, पण सकाळीच तुम्ही..."

"सकाळी मी गाढव होतो!"

गजांपलीकडे रीमनं आईचा हात ओढला. "आई, मग शाळेत जायला फाटक उघडणार का?"

इंतिसारनं फिंटनकडे पाहिलं. आम्हीही सगळे त्याच्याकडेच पाहत होतो. ट्रॅक्टर अजून चालूच होता.