छातीतला मासा

"तुम्ही मारलंत त्याला. दुसऱ्या कुणी नाही."

"वहिनी, आधी बोट खाली करा."

"का? जिम तुमची, वजनं तुमची, आणि मेला तो माझा नवरा. मग बोट कुणाकडे दाखवू, भिंतीकडे?"

फौजदार दारातच थांबला. दोन जिने चढून त्याचा भाता झाला होता, आणि धापा टाकत कुणाच्या भांडणात शिरणं काही बरं दिसत नाही. आत आरशांच्या भिंतीसमोर ती बाई कोचच्या नाकापुढे बोट नाचवत होती. कोच म्हणजे नुसता बैल, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळत नाही असा. पण त्या एका बोटापुढे तो मागे मागे सरकत पाण्याच्या कूलरला जाऊन टेकला होता.

रॅकशेजारी तिचा नवरा चादरीखाली पडला होता. चादर पुरली नव्हती. पाय बाहेर होते.

त्याला सगळे पहाड म्हणायचे. धाकटा भाऊ उंचीला तेवढाच, रुंदीला जरा कमी, म्हणून तो टेकडी. टेकडी आरशाला पाठ लावून उभा होता, जबड्याखाली दोन बोटं दाबून, जणू हात काढला तर डोकं खाली पडेल.

झालं होतं ते एवढंच. पहाडने बार खांद्यावर घेऊन बैठका मारल्या. बार नीट जागेवर ठेवला. भावाकडे वळून डोळा मारला आणि कोसळला. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात मामा धावत वर आला. या दोघांच्या आईचा धाकटा भाऊ. बहीण गेल्यापासून दोन्ही भाच्यांना यानेच वाढवलेलं. त्याने चादर उचलून तोंड बघितलं, चादर सोडली, आणि शर्ट असा फाडला की बटणं फरशीवर टणटणत गेली. मग ऊर बडवायला लागला. म्हणायची पद्धत म्हणून नाही, खरोखर. धप, धप, दोन्ही हातांनी. शेवटी कोचनेच एक टॉवेल आणून त्याच्या अंगावर टाकला.

पण फौजदाराच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे. घोंगडी पांघरल्यासारखी केसाळ छाती, आणि मध्येच गोल गोल टक्कल. स्वच्छ, पांढरं. चाई पडली असेल, त्याला वाटलं. त्याच्या सासऱ्यांच्या दाढीत पडली होती तशी.

कोचला त्याने ऑफिसात घेतलं. ऑफिस म्हणजे एक खुर्ची, प्रोटीनचे डबे आणि घामाचा वास.

"इंजेक्शन कोण देत होतं?"

"मी नाही."

"मग कोण, ते विचारलं मी."

"माहीत नाही, साहेब. अंग असं आपोआप फुगत नाही एवढं मला कळतं. कितीदा विचारलं. नुसता हसायचा."

"आणि तरी तुम्ही उचलू दिलंत."

कोचचे कान लाल झाले. त्याने खणातून एक कागद काढून आपटला. त्याचा नियमच होता म्हणे. शरीरसौष्ठवाच्या स्टेजवर उभं राहायचं तर आधी ईसीजी काढून आणायचा. पहाडचा दोन महिन्यांपूर्वीचा होता. टेकडीचा परवाच आला. दोघांचे एकदम स्वच्छ.

फौजदाराने कागद उजेडात धरला. बारीक उंचवटे, सारख्या अंतरावर, शाळेच्या रांगेत उभ्या केलेल्या पोरांसारखे. एकही पोरगं रांग सोडून नव्हतं.

मग वहिनी. तिच्याशी तो तिच्या घरी बोलला. स्वयंपाकघरात दोनच खुर्च्या होत्या, त्यातली एक जास्त झिजलेली. ती त्याच खुर्चीवर हात ठेवून उभी राहिली, बसली नाही.

"छातीत काही होतंय म्हणायचा?"

"मासा."

"काय?"

"पाण्याबाहेर काढलेला मासा छातीत तडफडतोय म्हणायचा. डाव्या कुशीवर झोपला की जास्त. मी म्हटलं डॉक्टरकडे चल. मामा म्हणाले, जड वजनं उचलणाऱ्या प्रत्येकाला होतं, काही घाबरायचं नाही."

सुयांचं तिला नीट माहीत नव्हतं. रिकाम्या बाटल्या सापडल्या होत्या, मोज्यात कोंबलेल्या. टोचायचा कधी ते तिने पाहिलं नव्हतं. सोमवारी मात्र त्याला खुर्चीत नीट बसता यायचं नाही. एका बाजूवर कलून बसायचा. ती चिडवायची, उरलेली अर्धी खुर्ची पाहुण्यांना राखून ठेवलीस का.

"आणि रविवारी? रविवारी काय करायचा?"

"रविवारी जिम बंद. सकाळी छाती भादरत बसायचा, स्टेजवाल्या पोरांना एक केस चालत नाही. पाठ माझ्याकडून करून घ्यायचा." ती पहिल्यांदा हसली आणि लगेच थांबली. "मग दोघं भाऊ मामांकडे जेवायला."

मामाच्या घरी भिंतीवर एकच फोटो होता. तरुण मामा, अंगाला तेल, बक्षिसाच्या तिसऱ्या पायरीवर. वरच्या दोन पायऱ्यांवरच्या माणसांची तोंडं फोटोतून कापून टाकलेली.

"ते दोघं टोचून आले होते," मामा म्हणाला. "मी एक थेंब घेतला नाही. आजतागायत. आणि तो कोच पोरांना विष देतो. त्याला आत टाका, साहेब."

फौजदाराला आवडलं असतं. कोच त्याला पहिल्यापासून आवडला नव्हता. पण फायलीत तो स्वच्छ ईसीजी होता, आणि वरून फोन येत होते की नैसर्गिक मृत्यू लिहा आणि मिटवा. फौजदाराला मिटवा म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. लहानपणापासूनचं होतं ते.

पोस्टमॉर्टमचा कागद यायला आठवडे लागले. तो आला तसा फौजदार स्वतःच डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. ईसीजी बघितला आणि सरळ परत केला.

"हा त्याचा नाही."

"नाव त्याचं आहे."

"नाव असेल. हृदय त्याचं नाही. त्याचं मी हातात धरलंय. वयाच्या मानाने भलतंच जड, भिंती जाड, आणि आत जुने वण. काल-परवाचे नाहीत, वर्षभरापूर्वीचे तरी असतील." त्यांनी मूठ आवळून दाखवली. "ठोका पडायला आतून वीज लागते. औषधांनी भिंत फुगली, वर जड वजनांचा ताण, त्यात वण. मग विजेला सरळ वाट मिळत नाही, ती आतल्या आत गोल फिरत बसते. हृदय आवळत नाही, नुसतं थरथरतं. माणूस उभ्या उभ्या जातो."

"मासा," फौजदार म्हणाला.

"काय?"

"काही नाही. मग हा ईसीजी कुणाचा?"

"ज्याने आयुष्यात असलं काही टोचलं नाही अशा कुणाचा तरी. ठणठणीत आहे तो."

ईसीजी काढणारी लॅब पण नेमकी वरच्या मजल्यावर. तिथला टेक्निशियन काडीसारखा होता आणि त्याला बोलायची भारी हौस. फौजदाराची धाप बघून त्याने पलंगाकडे बोट केलं.

"आलाच आहात तर आडवे व्हा, साहेब."

"मी चौकशीला आलोय."

"चौकशी आडवं पडूनही करता येते."

हवालदार दारात फिसकन हसला. फौजदाराने त्याच्याकडे असं बघितलं की तो जिन्यात जाऊन उभा राहिला. मग साहेब निमूट आडवे झाले. छाती बघून टेक्निशियनने कपाळाला हात लावला, एवढ्या जंगलात चकत्या चिकटायच्या कशा, आणि बोथट रेझर काढून खरवडायला लागला. पहाडच्या नावावर झोपलेल्याचा चेहरा आठवतो का या प्रश्नावर त्याने मानही वर केली नाही.

"दिवसभर छात्या बघतो मी. चेहरा कोण बघतंय? नाव सांगतील ते लिहितो, वय सांगतील ते लिहितो."

फौजदाराने हनुवटी छातीला टेकवून खाली पाहिलं. छातीच्या मधोमध दोन गोल टकलं. तिथून एक ओळ डाव्या बाजूला वळत काखेपर्यंत गेलेली. स्वच्छ, पांढरी.

ही चाई नव्हती. हे त्याने आधी पाहिलं होतं.

"घाबरू नका," टेक्निशियन म्हणाला. "पंधरा-वीस दिवसांत जंगल परत येतं. तोवर खाज सुटेल."

दुसऱ्याच दिवशी त्याने तिघांना ठाण्यात बोलावलं. वहिनी, कोच, मामा. पहाडला जाऊन तीन आठवडे झाले होते. कोच सारखा घड्याळाकडे बघत होता. संध्याकाळी टेकडी स्टेजवर उभा राहणार होता. वहिनीला ते मुळीच पसंत नव्हतं. सख्ख्या भावाला जाऊन महिना नाही आणि हा तेल लावून उभा राहणार. मामाचं म्हणणं, मोठ्याचं राहिलेलं धाकट्याने पुरं करायला नको का.

"लवकर उरका, साहेब," कोच म्हणाला. "पोरगं तिथे एकटं आहे."

"उरकतोच. इंजेक्शनं तुम्ही देत नव्हता. सोमवारी त्याला बसता येत नव्हतं, म्हणजे सुई रविवारी. रविवारी तुमची जिम बंद. रविवारी दोघं भाऊ एकाच घरी जात होते."

वहिनीने मान हळूहळू वळवली. मामा भिंतीकडे बघत राहिला.

"छातीतल्या माशाचं मामांना माहीत होतं. व्यायामाने होतं असं तेच म्हणाले. तुम्ही ईसीजी मागितलात. पहाड जाऊन झोपला असता तर मासा कागदावर दिसला असता. म्हणून त्याच्या नावावर दुसरंच कुणी जाऊन झोपलं. ज्याने एक थेंब घेतलेला नाही असं. घरचं माणूस, स्वच्छ हृदय, आणि छातीवर केस. पहाडची छाती अंडं सोलल्यासारखी, तिथे रेझर लागलाच नसता. या माणसाला लागला. त्या दिवशी मामांनी शर्ट फाडला तेव्हा ती टकलं मी पाहिली."

"मी पण," कोच पुटपुटला. "मला वाटलं चाई आहे."

मामा उठला. शांतपणे एकेक बटण काढून त्याने शर्ट दोन्ही बाजूंना धरला. छाती भरगच्च होती. एक टक्कल नाही.

"दाखवा, साहेब," तो म्हणाला. "कुठे आहेत?"

हवालदाराचं पेन थांबलं. फौजदार त्या छातीकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याचा हात आपोआप स्वतःच्या शर्टाखाली गेला. खाजत होतं. बोटांना बारीक खुंट लागले. एका दिवसात खुंट.

"मामा," तो म्हणाला. "तीन आठवड्यांत तुमची छाती भरून आली. मग पहाड गेला त्या दिवशी ती मोकळी कशी होती? त्याचा ईसीजी तर तेव्हाच दोन महिने जुना होता. ते केस केव्हाच उगवून यायला हवे होते. त्या दिवशी टकलं गुळगुळीत होती. एक खुंट नव्हता."

कोचला कळलं. तोंडातून शब्द फुटायच्या आधी त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

"टेकडीचा," तो म्हणाला. "त्याचा तेव्हा परवाच आला होता."

"दुसऱ्यांदा झोपलात," फौजदार म्हणाला. "त्याच्या नावावर."

मामाने शर्ट तसाच धरून ठेवला होता. मग त्याने तो सोडला.

"मोठ्याला मी सांगितलं होतं, एवढी एक स्पर्धा," तो म्हणाला. "मग सगळं बंद. मी आयुष्यभर खाली उभं राहून वर बघितलं, साहेब. पोरांना तसं बघायला लागू नये म्हणून केलं."

"आणि धाकटा? त्यालाही मासा आहे?"

मामा शर्टाची बटणं लावायला लागला. फौजदाराला जबड्याखाली दाबलेली ती दोन बोटं आठवली. डोकं सांभाळत नव्हता तो. ठोके मोजत होता.

"हे माहीत असताना," वहिनी म्हणाली, अगदी हळू, "मोठा गेल्यावरसुद्धा टोचलंत त्याला?"

मामा खुर्चीत बसला. कोच फोन लावत होता. एकदा, पुन्हा एकदा. स्टेजच्या मागे कुणी उचलत नव्हतं, तिकडे गाणी लावलेली असतात.

"त्याला आधी पाणी द्या," मामा एकदम म्हणाला. "शिरा दिसाव्यात म्हणून परवापासून त्याला प्यायला दिलं नाहीये मी. पाणी उतरवायच्या गोळ्या पण आहेत पोटात. वजनाला हात लावू देऊ नका त्याला. कुणीतरी जा रे."

वहिनी दाराबाहेर गेलीसुद्धा होती. तिच्या चपला टेबलाखालीच राहिल्या.

"साहेब, जबाब," हवालदार म्हणाला. "मामांची सही राहिली."

"राहू दे," फौजदार जिन्यावरून ओरडला. "मला आता निघायला हवं."