पणजोबांचा एकच शब्द

“मुम्मो पळाली! रबरी बूट घालून थेट झाडांकडे!” डेट्रॉईटहून सुट्टीला आलेला रूडी धापा टाकत सांगत आला.

“पळायला ती काय कोंबडी आहे? आजी आहे आपली!” कार्ला म्हणाली, पण हातातली रास्पबेरीची वाटी टाकून आधी धावली तीच. मागोमाग नऊ वर्षांची विल्मा, तोंड लालभडक झालेली.

मुम्मो कुंपणाजवळ एका स्प्रूसच्या झाडाखाली वाकली होती. काठीने गवत बाजूला सारत होती. “हे नव्हे,” ती पुटपुटली आणि पुढच्या झाडाकडे निघालीसुद्धा!

“मुम्मो, जरा बस ना गं! मामा आम्हाला ओरडेल.”

“ओरडू दे. त्याला मीच जन्म दिलाय. आणि बसू कशी? माझे इथले दिवस कुठे उरलेत आता?”

ते खरंच होतं. हिवाळ्याच्या आत आर्विडमामा मुम्मोला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवणार होता. आणि मुम्मोला त्याआधी लेम्पीला भेटायचं होतं.

लेम्पी म्हणजे मुम्मोची धाकटी बहीण. आईबाप फिनलंडहून अमेरिकेत आले, तेव्हा मुम्मो आईच्या कडेवर होती. लेम्पी इथे जन्मली आणि वर्षाची व्हायच्या आतच तापाने देवाघरी गेली. त्या दिवसांत मुम्मोला शेजाऱ्यांकडे पाठवलं होतं. परत आली तर पाळणा रिकामा! ना गावात चर्च, ना जवळपास पाद्री. बाळाला शेतातच पुरलं होतं. कुठे? स्प्रूसखाली, असं मुम्मो सांगायची. पण स्प्रूस तर जिकडेतिकडे होते! नाताळच्या संध्याकाळी सगळे आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्ती लावत, तेव्हा मुम्मो दरवर्षी वेगळ्या झाडाखाली लावायची. एक तरी लेम्पीला दिसेल म्हणून.

मामा म्हणायचा, “आईचं वय झालंय. झाडन्‌झाड शोधलं आम्ही. काही नाही तिथे.”

आज तर मामाचं लक्षच नव्हतं. शेतातल्या दगडांच्या राशी त्याने रस्त्याच्या कंत्राटदाराला विकल्या होत्या. सकाळपासून लोडर धडाडत होता आणि ट्रक भरभरून जात होते.

“आपण लपाछपी खेळू,” विल्माने युक्ती काढली. “मुम्मो, तू पायरीवर बसून पंच हो! कोण लबाडी करतं ते बघ.”

“रूडी करतो,” मुम्मो ताबडतोब म्हणाली. बसली मात्र, तीही अर्धीच.

विल्माने डोळे मिटले आणि मुम्मोने शिकवलेले फिनिश आकडे मोठ्याने म्हणू लागली. “यक्सी, काक्सी, कोल्मे, नेल्या, वीसी, कूसी...”

“हॅऽऽ! चीटिंग!” अंगणातल्या स्प्रूसमागून रूडी तरातरा बाहेर आला. “माझ्या झाडाचं नाव का घेतलंस? तू बघत होतीस!”

“मी आकडे मोजत होते, भोपळ्या!”

“कूसी म्हणजे स्प्रूस! काल मुम्मोनेच सांगितलं!”

“आणि कूसी म्हणजे सहासुद्धा! डेट्रॉईटवाल्यांना काय कळतंय!”

“मुम्मो, सांग हिला!”

“दोन्ही खरं,” मुम्मो म्हणाली. “शब्द एकच.”

कार्ला लपायची विसरून तिथेच उभी राहिली. मग हळूच तिने विचारलं, “मुम्मो, पणजोबा तेव्हा नेमकं काय म्हणाले होते? अगदी त्यांचेच शब्द सांग.”

“शब्द कसले? बाबा एका वेळी एकच शब्द खर्च करायचे. मी विचारलं, लेम्पी कुठाय? ते म्हणाले, कूसी. आणि उठून कामाला गेले.”

“म्हणजे ‘झाडाखाली’ असं ते म्हणालेच नव्हते?”

मुम्मोची काठी हातातून गळून पडली.

“सहा!” रूडी किंचाळला. “पण सहा काय? सहा गायी? सहा बादल्या?”

“गप रे! मुम्मो, पणजोबा कशाकशाला आकडे द्यायचे?”

मुम्मो उभी राहिली. “राशींना! दर उन्हाळ्यात शेतातले दगड वेचून एक रास रचायची. आमची वर्षंही तशीच मोजायची. पहिल्या राशीच्या वर्षी गाय आली. चौथीच्या वर्षी घर झालं. लेम्पी गेली ती सहावीच्या उन्हाळ्यात... अरे देवा! आर्विड कुठाय?”

मामा ट्रकमधून गावात गेला होता. आणि शेतात लोडर धडाडत होता!

सगळे धावले. मुम्मोही कार्लाचा दंड धरून भरभर चालत होती. रस्त्याकडून राशी मोजत रूडी पुढे पळाला. एक, दोन, तीन... सगळ्यांच्या जागी नुसते मातीचे डाग! सहावीही गेली होती!

विल्माने भोकाड पसरलं. “नेली! लेम्पीला नेलं!”

“रडू नको,” मुम्मो धापा टाकत म्हणाली. “तुम्ही रस्त्याकडून का मोजताय? तेव्हा रस्ता होता कुठे! आम्ही ओढ्यातून होडीने आलो. वाफेची न्हाणी, आमची सौना, ओढ्याकाठी आधी बांधली. तिथेच राहिलो. पहिली रास तिथली!”

मुलांनी ओढ्याकडून पुन्हा मोजलं. सहावी रास होती आणि लोडरचं तोंड नेमकं तिच्यातच घुसत होतं!

“थांबा! थांबा!” पण त्या गोंगाटात ऐकणार कोण? चालक डेल मान डोलावत शीळ घालत होता.

रूडीने अंगातला शर्ट काढला. तो डोक्यावर गरगर फिरवत, स्वतःच्या पाठीवर चापट्या मारत लोडरसमोर नाचू लागला. “गांधीलमाश्या! दगडांत पोळं आहे! आईगं! मेलो!”

डेलने यंत्र बंद केलं आणि टोपी तोंडावर दाबून टुणकन खाली उडी मारली. त्याच क्षणी विल्मा राशीवर चढून बसली.

“कुठायत माश्या?” जरा दूर जाऊन डेलने विचारलं.

“माश्या नाहीत, माझी मावशी-आजी आहे!” विल्मा म्हणाली. “आणि मी उठणार नाही!”

तेवढ्यात मामाचा ट्रक आला. “हा काय तमाशा आहे? विल्मा, उतर खाली! रूडी, शर्ट घाल! आई, तू इथे कशी?”

“मामा, आधी हे बघ!” कार्लाने बोट दाखवलं.

लोडरने राशीची एक बाजू ढासळवली होती. वरचे दगड कसेही टाकलेले. पण आत, खाली, सौनाच्या चुलीचे बसवावेत तसे दगड कुणीतरी एकेक निवडून जुळवले होते. पाळण्याएवढी चौकट. वर एक सपाट दगड आणि त्यावर खिळ्याने कोरलेला क्रॉस. खाली लेम्पीच्या नावातलं पहिलं अक्षर, तेवढंच. दगडावरही पणजोबांनी शब्द जपूनच वापरले होते!

कार्लाने सारं सांगितलं. मामाने टोपी काढली. मग खालच्या आवाजात म्हणाला, “आम्ही भाऊभाऊ आयुष्यभर झाडं बघत राहिलो. तिला नीट विचारलं कुणीच नाही. आई, तुझी आठवण पक्की होती. आमचेच कान कच्चे. पोरांनो, शाबास रे!”

“त्या माश्यांना मी जन्मभर विसरणार नाही,” डेल म्हणाला आणि त्याने पाडलेले दगड स्वतःच्या हातांनी परत लावायला घेतले.

मुम्मोने फिनिशमध्ये प्रार्थना म्हटली. मग ती दगडाला टेकून गवतात बसली, अगदी पाय पसरून.

“लेम्पी, मी आले गं. उशीर झाला,” ती म्हणाली, आणि सांगू लागली. गाय कशी होती, घराला दार कधी लागलं, शाळेत इंग्रजी येईना म्हणून बाईंनी कोपऱ्यात कसं उभं केलं, लग्नात कोण कोण नाचलं. मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. यातलं कितीतरी त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं!

सावल्या लांबल्या, तसा मामा हळूच म्हणाला, “आई, चल आता. कॉफी घेऊ.”

“इकडेच आण,” मुम्मो म्हणाली. “अजून आईचं सांगायचं राहिलंय तिला.”